तुंबलेल्या गटाराची तक्रार महापालिकेकडे कशी न्यावी

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुंबलेल्या गटाराचे फोटो फिरत राहतात आणि महापालिकेच्या दफ्तरी मात्र त्या गटाराची एकही नोंद नसते. अभियंत्याला तोंडी सांगितलेले त्याची बदली झाली की संपते. आवक क्रमांक (अर्ज स्वीकारताना कार्यालय त्यावर टाकते तो नोंद क्रमांक) पडलेला अर्ज नव्या अभियंत्यालाही उत्तर द्यायला लावतो. त्यामुळे सगळी धडपड त्या क्रमांकासाठी करायची.

काम कुणाचे, ते आधी ठरवा

सर्वाधिक तक्रारी इथेच अडतात. पाऊस नसतानाही पाणी येत असेल आणि त्याला मैल्याचा वास असेल, तर विषय मलनिस्सारण विभागाचा. फक्त पावसात पाणी साचत असेल तर पावसाळी वाहिनीचा. कोरड्या दिवसांत स्वच्छ, बिनवासाचे पाणी वाहत असेल तर बहुधा जलवाहिनीची गळती, म्हणजे पाणीपुरवठा विभाग. मुंबईत मलनिःसारण आणि पर्जन्य जलवाहिन्या ही दोन वेगळी खाती आहेत. चुकीच्या खात्यात गेलेली तक्रार ‘या विभागाशी संबंधित नाही’ असा शेरा मारून बंद होऊ शकते, आणि तुमच्या मोबाइलवर मात्र ‘निराकरण झाले’ असा संदेश येतो.

चेंबर सोसायटीच्या कुंपणाच्या आत असेल तर त्याची सफाई सामान्यतः सोसायटीनेच करायची असते. रस्ता महापालिकेचाच आहे ना, हेही विचारून घ्या. शहरातले काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाकडे किंवा महामार्ग प्राधिकरणाकडे असतात.

पुरावा

दोन फोटो पुरतात, पण नेमके हवेत: एक लांबून, ज्यात इमारतीची किंवा दुकानाची पाटी दिसेल, दुसरा जवळून, चेंबर आणि झाकण दिसेल असा. जवळच्या विजेच्या खांबावरचा क्रमांक टिपून ठेवा. ‘मंदिराजवळ’ असे लिहिले की मुकादम भलत्याच मंदिराजवळ जाऊन परततो. पाणी कोणत्या तारखांना, किती वाजता वर आले हे चार-पाच दिवस लिहून ठेवा.

आधी ऑनलाइन, मग कागदावर

मुंबईत १९१६ वर फोन करा, पुण्यात महापालिकेच्या पीएमसी केअर या ऑनलाइन तक्रार सेवेवर नोंदवा. इतर शहरांत महापालिकेचे ॲप किंवा संकेतस्थळ पाहा. एका तक्रारीत एकच प्रश्न लिहा. गटार, कचरा आणि भटकी कुत्री एकत्र घातली की तक्रार एकाच विभागाकडे जाते आणि त्याचे काम झाले की बाकीच्यासकट बंद होते.

काम न होता तक्रार बंद झाली, तर प्रभाग कार्यालयाच्या सहायक आयुक्तांच्या नावे अर्ज द्या. पुण्यात याला क्षेत्रीय कार्यालय म्हणतात. मजकूर एका पानापुरता ठेवा:

‘विषय: … रस्ता, खांब क्र. … जवळील मैलावाहिनी तुंबल्याबाबत. संदर्भ: ऑनलाइन तक्रार क्र. …, दिनांक … . वरील ठिकाणी दि. … , … व … रोजी मैलापाणी रस्त्यावर आले. तक्रार काम न होता बंद करण्यात आली आहे. वाहिनीची जेटिंग मशीनने सफाई करावी, ती वारंवार का तुंबते याची तपासणी करावी आणि केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती द्यावी.’

खाली दहा-पंधरा रहिवाशांच्या सह्या, प्रत्येकासमोर घर क्रमांक. शंभर सह्यांनी वजन वाढते असे वाटते, पण त्या गोळा करण्यात आठवडे जातात. दोन प्रती न्या. एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. क्रमांक वाचता येत नसेल तर तिथेच पुन्हा लिहून मागा. नगरसेवकांना याच अर्जाची प्रत द्या.

जेटिंग मशीनचा, म्हणजे पाण्याच्या जोरदार दाबाने वाहिनी मोकळी करणाऱ्या यंत्राचा, उल्लेख मुद्दाम करावा. संरक्षक साधनांशिवाय माणसाला मैलागटारात उतरवून धोकादायक सफाई करून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. घाई झाली म्हणून पैसे देऊन कुणाला चेंबरमध्ये उतरवू नका. आतल्या विषारी वायूने माणसे मरतात.

उत्तर आले नाही तर

पंधरा दिवसांनी आवक क्रमांक टाकून स्मरणपत्र द्या. त्यानंतर लोकशाही दिन, म्हणजे अधिकारी नागरिकांच्या तक्रारी समोर ऐकतात तो दिवस: महापालिकेत तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि अर्ज १५ दिवस आधी विहित नमुन्यात द्यावा लागतो. इथे तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते. सोसायटीचे सामूहिक निवेदन परत येईल. ज्याच्या दारात पाणी येते त्याने स्वतःच्या नावाने अर्ज करावा.

दुसरा मार्ग माहिती अधिकाराचा. शुल्क १० रुपये, एका अर्जात एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. ‘काम का केले नाही?’ असे विचारू नका, कारण दफ्तरात असलेलीच माहिती मिळते. ‘आवक क्र. … वरील अर्जाच्या कार्यवाहीची टिपणी, स्थळपाहणी अहवाल आणि शेरे यांच्या प्रती द्याव्यात’ असे मागा. ३० दिवसांत माहिती आली नाही तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील करता येते.

सफाई होऊनही पुन्हा तुंबते तेव्हा

मग वाहिनी अपुरी आहे, फुटली आहे किंवा तिचा उतार बिघडला आहे. नवी वाहिनी टाकायला अंदाजपत्रकात तरतूद लागते, आणि आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. मे महिन्यात केलेली मागणी ‘तरतूद नाही’ या शेऱ्यावर अडकते. ती दिवाळीच्या आत द्या. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे मागवली जातात, त्या मुदतीवर लक्ष ठेवा.

सफाई झाली की लगेच जागेवर जा. काढलेला गाळ गटाराच्या काठावरच पडला असेल तर तो उचलायला लावा, झाकण नीट बसले का पाहा, फोटो काढा, आणि मगच तक्रार बंद करायला होकार द्या.