लिनक्सवर नव्याने येताय? या चुका टाळा

‘परमिशन डिनाइड’ (परवानगी नाकारली) दिसलं की परवानग्या बदलणारी सीएचमॉड कमांड ७७७ लावून मारायची, ही सवय लोकांना कुठून लागते कळत नाही. गेली कित्येक वर्षं मी तिचे परिणाम निस्तरतोय, म्हणून सुरुवात तिच्यापासूनच.

आधी ७७७ म्हणजे काय ते समजून घ्या. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १, बेरीज ७. पहिला ७ फाइलच्या मालकाचा, दुसरा ग्रुपचा, तिसरा मशीनवरच्या उरलेल्या सगळ्यांचा. म्हणजे कुलूप उघडेना म्हणून तुम्ही दारच बिजागऱ्यांसकट काढून ठेवलंत. काम तेवढ्यापुरतं होतं, आणि काम झालं की मूळ कारण कुणी शोधत नाही.

माझ्या एका मित्राच्या धाकट्या भावाने वेब सर्व्हर शिकायला एक जुना डेस्कटॉप घेतला होता. साइटच्या फोल्डरमध्ये त्याला फाइल टाकता येईना. कुठूनतरी त्याने कमांड उचलली: रूटचे, म्हणजे सिस्टीमच्या सर्वाधिकारी युजरचे, अधिकार देणारा सुडो, मग सीएचमॉड, आतल्या सगळ्या फोल्डरांना लागू करणारा कॅपिटल आर, ७७७ आणि शेवटी टिंब-स्लॅश, म्हणजे ‘मी आत्ता उभा आहे ते फोल्डर’. टाइप करताना टिंब राहिलं. नुसता स्लॅश म्हणजे अख्खी सिस्टीम. थोड्या वेळाने फोन आला, “दादा, सुडोच चालत नाहीये.”

चालणार कसं? सुडोच्या फाइलवर सेटयूआयडी नावाची एक खूण असते. साध्या युजरने सुडो चालवला तरी त्याला रूटचे अधिकार मिळतात ते या खुणेमुळे. ७७७ने ती पुसली. रूट होण्याची दुसरी कमांड ‘एसयू’, तिच्यावरचीही पुसली. म्हणजे दुरुस्तीला लागणारी हत्यारंच गेली. दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायच्या एसएसएचची तीच गत. खासगी किल्ली कुणालाही वाचता येतेय असं दिसलं की एसएसएच ती वापरायला नकार देतो, आणि ते योग्यच आहे. मी म्हटलं, “उघडं टर्मिनल बंद करू नकोस, आणि रीस्टार्ट तर मुळीच नको.” पण तो आधीच दोनदा करून झाला होता.

लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे पेनड्राइव्हवरच्या लिनक्सवरून, बूट केलं, डिस्क माउंट केली (जोडली), चरूट करून, म्हणजे त्या डिस्कवरच्या सिस्टीमलाच मूळ मानून, आत शिरलो आणि होती नव्हती ती सगळी पॅकेजं पुन्हा इन्स्टॉल केली. पॅकेजमधून आलेल्या फाइलींच्या परवानग्या त्याने जागेवर येतात. पण पासवर्डचे हॅश (सांकेतिक ठसे) ठेवणारी शॅडो फाइल, सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या होस्ट की, होम फोल्डरमधल्या किल्ल्या या काही पॅकेजमधून येत नाहीत, त्या एकेक करून हाताने सुधाराव्या लागल्या. पहाटे लॉगिन झालं. तरीही मी त्याला डेटा बाहेर काढून कोरं इन्स्टॉल करायला लावलं, कारण कुठली फाइल अजून उघडी राहिलीय याची खात्री मलाच नव्हती.

खरी अडचण एवढीशीच होती: फोल्डर रूटच्या नावावर होतं. मालक बदलला असता तर काम झालं असतं. माझी सवय सांगतो. परवानगी नाकारली की आधी नेमआय ही कमांड एल पर्यायासह चालवतो. मुळापासून त्या फाइलपर्यंतच्या प्रत्येक फोल्डरचा मालक, ग्रुप आणि परवानग्या ती एकाखाली एक दाखवते. पुष्कळदा फाइल ठीकच असते, वरच्या एखाद्या फोल्डरवर आत शिरायची परवानगी नसते. हे डोळ्यांनी दिसल्याशिवाय मी सीएचमॉडला हात लावत नाही, आणि कॅपिटल आर लावायचा असेल तर पूर्ण पाथ टाइप करतो. टिंबावर विसंबत नाही.

दुसरी चूक: पॅकेजं बसवणाऱ्या-काढणाऱ्या ॲप्टने विचारलं की न वाचता वाय दाबणं. त्या प्रश्नाच्या वर ‘ही पॅकेजं काढली जातील’ अशी यादी असते, ती वाचा. २०२१ मध्ये एका नावाजलेल्या यूट्यूबरने कॅमेऱ्यासमोर स्टीम हे गेमचं ॲप इन्स्टॉल करताना अख्खं डेस्कटॉप काढून टाकलं. मूळ दोष पॅकेजमधला होता हे खरं. पण सिस्टीमने स्पष्ट इशारा दिला होता, पुढे जायचं तर एक पूर्ण वाक्य टाइप करा म्हणून अडवलंही होतं. त्याने ते वाक्य टाइप केलं. उबुंटूवर ‘जुना पायथन नको’ म्हणून सिस्टीमचा पायथन काढणाऱ्यांचंही असंच होतं, कारण डेस्कटॉपचे कितीतरी भाग त्याच्यावर उभे असतात. वेगळी आवृत्ती हवी तर वेगळी बसवा, सिस्टीमच्या पायथनला हात लावू नका.

काही गोष्टी एका ओळीत. डिस्कवर थेट लिहिणारी डीडी चालवण्याआधी दर वेळी डिस्कांची यादी दाखवणाऱ्या एलएसबीएलकेने डिस्कचा आकार बघा, कारण काल एसडीबी नाव असलेली डिस्क आज एसडीए असू शकते. डेबियन स्टेबलमध्ये उबुंटूच्या रिपॉझिटरी (पॅकेजांची भांडारं) घालू नका. विंडोजची डिस्क लिनक्समध्ये फक्त वाचता येत असेल तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. सिस्टीमचे स्नॅपशॉट घेणारं टाइमशिफ्ट होम फोल्डर आपणहून घेत नाही, त्यामुळे फोटो त्यात आहेत असं समजू नका. दर आठवड्याला डिस्ट्रो (उबुंटू, डेबियनसारखी लिनक्सची रूपं) बदलून लिनक्स येत नाही, इन्स्टॉलर तेवढा पाठ होतो.

आता जी चूक मला सगळ्यात जास्त लागते ती. ‘वायफाय चालत नाही, अर्जंट.’ बस, एवढाच प्रश्न. आवृत्ती नाही, कार्डाचं नाव नाही, लॉग (सिस्टीमच्या नोंदी) नाही, असलाच तर तिरका काढलेला स्क्रीनचा फोटो. तासाभरात दुसरा मेसेज: ‘कुणी आहे का? म्हणून लिनक्स कुणी वापरत नाही.’ उत्तर देणारा माणूस आपली झोप मोडून बसलेला असतो. तो तुमचा नोकर नाही.

ही घाई किती महागात पडू शकते याचं उदाहरण एक्सझेडचं. फाइल दाबून लहान करणारं हे साधन जवळपास प्रत्येक डिस्ट्रोत असतं, आणि वर्षानुवर्षं ते मुख्यतः लासे कोलिन हा एकटा माणूस सांभाळत होता. २०२२ मध्ये काही जणांनी त्याच्यामागे लकडा लावला: काम संथ चाललंय, दुसऱ्याच्या हाती द्या. त्याने सांगितलं, हे बिनपगारी छंदाचं काम आहे आणि माझी मनःस्थितीही ठीक नाही. तरी टोचणं थांबलं नाही. मदतीला म्हणून आलेल्या ‘जिया टॅन’ नावाच्या व्यक्तीला हळूहळू अधिकार मिळाले आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये एसएसएचवाटे परक्याला आत घेणारा चोरदरवाजा शिरला. तगादा लावणारी ती खातीसुद्धा बनावट असावीत असा दाट संशय आहे. पण असं बोलणं आपल्याला इतकं सवयीचं झालंय की त्या गर्दीत ती खाती वेगळी उठून दिसलीच नाहीत. मार्च २०२४ मध्ये आन्द्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरला एसएसएचच्या लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. त्याने तो अर्धा सेकंद सोडून दिला नाही, कारण शोधत मुळापर्यंत गेला, आणि चोरदरवाजा उघडकीला आला.

प्रश्न विचारताना मी चार गोष्टी देतो: काय करत होतो, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि एररच्या आसपासचा लॉग मजकूर म्हणून, फोटो नाही. मशीन मध्येच बंद पडलं असेल तर लॉग दाखवणाऱ्या जर्नलसीटीएलला मागच्या बूटचा लॉग मागता येतो, तोही जोडतो. आणि सुटलं की कसं सुटलं ते त्याच जागी लिहून ठेवतो. ‘झालं, धन्यवाद’ एवढंच लिहून निघून जाणाऱ्यांचा मला फार राग येतो, कारण तीच एरर आलेला पुढचा माणूस शोधत शोधत तिथे पोचतो आणि हात हलवत परततो.

मित्राच्या त्या भावाने मागच्या महिन्यात मला वायफायचाच प्रश्न पाठवला. कर्नलची (लिनक्सच्या गाभ्याची) आवृत्ती, कार्डाचं पूर्ण नाव, कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या डीमेसेजमधल्या सात-आठ ओळी, आणि आतापर्यंत काय काय करून पाहिलं ते. कार्डाला चालवणाऱ्या फर्मवेअरची फाइल सापडत नसल्याचं त्या ओळींमध्येच लिहिलेलं होतं. मी पॅकेजचं नाव कळवलं. रात्री त्याचा मेसेज आला: कार्ड चालू झालं, आणि त्याने काय केलं त्याच्या पायऱ्या क्रमाने खाली लिहिल्या होत्या.