मुंबईच्या घरासाठी बॅटरीसह सोलर किट कसे निवडावे

सोलर बसवायचे ठरले की घरात पहिला प्रश्न निघतो तो 'किती किलोवॉटचे घ्यायचे?' बॅटरीसह किट घ्यायचे असेल तर हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारावा. आधी ठरवावे ते हे, की लाइट गेल्यावर घरात काय काय चालू राहायला हवे आणि किती तास. बॅटरी त्यावरून ठरते, इन्व्हर्टर त्यावरून ठरतो आणि पॅनेल किती लागतील तेही बरेचसे त्यावरूनच. उलटीकडून सुरुवात केली तर एक तर पैसे जास्त जातात, नाहीतर ऐन वेळी पंखा बंद पडतो.

मुंबईत रोजचे भारनियमन नाही. वीज क्वचित जाते, पण गेली की हाल होतात. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर काही वस्त्यांत कित्येक दिवस वीज नव्हती. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास ग्रिड बंद पडले आणि लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या. बॅटरी घ्यायची ती अशा वेळेसाठी. दरमहाचे बिल उतरवण्याचे काम नेट मीटरकडे सोपवा: दिवसाची जास्तीची वीज ग्रिडला द्यायची, रात्री परत घ्यायची. तेवढ्यासाठी मोठी बॅटरी घेणे मुंबईत परवडत नाही.

आधी प्रकार नक्की करा

साध्या ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट ग्रिडला जोडलेल्या सोलरबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: पॅनेल असली की लाइट गेल्यावरही घर चालते. प्रत्यक्षात ग्रिडची वीज गेली की त्याचा इन्व्हर्टर भर दुपारीसुद्धा बंद होतो. तो बिघाड नसतो. बाहेर खांबावर किंवा सबस्टेशनमध्ये काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसू नये म्हणून तशी सक्तीच आहे. त्यामुळे ऑन-ग्रिड म्हणजे बिल कमी, पण लाइट गेली की अंधार.

ऑफ-ग्रिडमध्ये बॅटरी असते, पण जास्तीची वीज ग्रिडला जात नाही आणि सरकारी अनुदानही मिळत नाही. तिसरा प्रकार हायब्रिड. तो दोन्ही कामे करतो आणि वीज गेली की काही मिलिसेकंदांत बॅटरीवर येतो. शहरातल्या घराने, गच्चीवर हक्काची जागा असेल तर, हायब्रिडच घ्यावा. मात्र त्या मॉडेलला आयएस १६१६९ चे (वीज गेली की ग्रिडला वीज देणे आपोआप थांबवण्याच्या चाचणीचे) प्रमाणपत्र आहे ना, हे पैसे देण्यापूर्वी पाहा. नाहीतर नेट मीटरचा अर्ज तिथेच अडकतो.

कागद-पेन घेऊन भाराची यादी

वन बीएचके घर धरू. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा, असे बारा तास काढायचे आहेत.

- बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे ३, प्रत्येकी ३० वॉट, १० तास: ९०० वॉट-तास
- एलईडी दिवे ४, प्रत्येकी ९ वॉट, ५ तास: १८०
- वाय-फाय राउटर १० वॉट, १२ तास: १२०
- टीव्ही ८० वॉट, ३ तास: २४०
- लॅपटॉप ६० वॉट, ४ तास: २४०
- फ्रिज, सरासरीने १२ तासांत: ६००
- मोबाइल वगैरे: ५०

बेरीज २,३३० वॉट-तास, म्हणजे सुमारे २.३ युनिट.

आता याच यादीत ७५ वॉटचे जुने पंखे घालून पाहा. तीन पंख्यांचेच २,२५० होतात आणि एकूण आकडा ३,६८० वर जातो. म्हणून बॅटरी वाढवण्याआधी पंखे बदला. तीन पंख्यांचा खर्च त्या वाढीव बॅटरीपेक्षा कितीतरी कमी असतो, आणि बिल तर दररोज वाचते.

एसी, गिझर, इस्त्री आणि इंडक्शन शेगडी या यादीत घेऊ नका. दीड टनाचा एसी चालू असताना दीड किलोवॉटच्या आसपास खेचतो. वरच्या यादीची सगळी वीज तो एकटा दीडेक तासात संपवेल. घरात आजारी माणसासाठी ऑक्सिजन काँसन्ट्रेटर किंवा तसे यंत्र असेल तर त्याचे वॉट आणि तास सगळ्यांत आधी लिहा, आणि त्याच्यासाठी तासांत कंजुषी करू नका.

बॅटरी

२,३३० ला इन्व्हर्टरच्या कार्यक्षमतेने, म्हणजे ०.९ ने भागा. २,५९० येतात. बॅटरीतून एवढे बाहेर पडायला हवे.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी ८० टक्क्यांपर्यंत बिनधास्त वापरता येते. २,५९० भागिले ०.८, म्हणजे ३.२ युनिटची बॅटरी पुरते. बाजारात सर्रास मिळते ती ५१.२ व्होल्ट १०० अँपिअर-तास, म्हणजे ५.१२ युनिट. ती घेतली तर फ्रिज जास्त चालला किंवा बॅटरी काही वर्षांत थोडी उतरली तरी हात आखडावा लागत नाही.

ट्यूब्युलर लेड-ॲसिड निम्म्यापेक्षा जास्त उतरवू नये, कारण वारंवार खोल उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे ५.२ युनिट लागणार. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाची एक बॅटरी १.८ युनिटची. हिशेबाने तीन पुरतात, पण २४ किंवा ४८ व्होल्टच्या जोडणीला चार घ्याव्या लागतात. चारांचे वजन दोनशे किलोच्या वर. त्यांना डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते आणि चार्ज होताना त्यांतून हायड्रोजन बाहेर पडतो, म्हणून हवेशीर जागा लागते. मुंबईच्या फ्लॅटमध्ये अशी जागा काढायची कुठून? लिथियमची तेवढीच बॅटरी पन्नासेक किलोची, भिंतीला टांगता येणारी. सुरुवातीला महाग वाटली तरी फ्लॅटसाठी आम्ही लिथियमच सुचवू. अंगण किंवा पडवी असलेल्या बैठ्या घरात लेड-ॲसिडचा विचार करायला हरकत नाही.

जागेबद्दल स्पष्टच सांगायचे तर गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये बॅटरी ठेवू नका. एप्रिल-मेमध्ये आत भट्टी होते आणि उष्णतेने कुठलीही बॅटरी लवकर म्हातारी होते. जिन्यात ठेवू नका, ती आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट आहे. तळमजल्यावर पाणी शिरणाऱ्या भागात असाल, तर बॅटरी आणि इन्व्हर्टर दोन्ही आजवरच्या पाण्याच्या खुणेच्या बऱ्याच वर बसवा.

इन्व्हर्टर

इथे युनिट नव्हे, एका वेळचे वॉट मोजायचे. वरच्या यादीतले सगळे एकदम लावले तर फ्रिजच्या १५० वॉटसह जेमतेम सव्वाचारशे वॉट होतात. पण फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना काही क्षण चालू भाराच्या कितीतरी पट ओढतो, आणि त्याच वेळी कुणी साडेसातशे वॉटचा मिक्सर लावला तर? ३ किलोवॉटचा, शुद्ध साइन वेव्हचा हायब्रिड इन्व्हर्टर हे सगळे सहज पेलतो.

पत्रकावर 'केव्हीए' लिहिले असेल तर शेजारी किलोवॉट किती ते विचारा. ३ केव्हीएचे काही इन्व्हर्टर प्रत्यक्षात २.४ किलोवॉटचेच असतात.

स्वस्त 'सोलर किट'मध्ये पॅनेलची वीज बॅटरीत भरायला साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर देतात, तिथे सावध राहा. ५५० वॉटचे पॅनेल ४२ व्होल्टच्या आसपास काम करते. १२ व्होल्टच्या बॅटरीला पीडब्ल्यूएमने जोडले की ते पॅनेल १३-१४ व्होल्टवर खेचले जाते आणि जवळपास दोन तृतीयांश वीज वाया जाते. एमपीपीटी, म्हणजे पॅनेलला त्याच्या योग्य व्होल्टेजवर चालू देणारा कंट्रोलर असलेलाच घ्या.

लिथियम बॅटरी आणि इन्व्हर्टर यांचे आपसांत जुळते का, म्हणजे बॅटरीच्या बीएमएसशी (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या आतल्या यंत्रणेशी) संवादाची केबल चालते का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. नसेल जुळत तर व्होल्टेज हाताने भरावे लागते: १६ सेलच्या (५१.२ व्होल्टच्या) बॅटरीला चार्जिंग ५६ व्होल्टच्या आसपास, खालची मर्यादा ४८ च्या आसपास, आणि इक्वलायझेशन (लेड-ॲसिडसाठीचे जादा चार्जिंग) बंद. ही सेटिंग लेड-ॲसिडवरच राहून गेली की बीएमएस मध्येच बॅटरी तोडतो. मग लोक नव्या कोऱ्या बॅटरीला दोष देत बसतात.

पॅनेल आणि गच्ची

मुंबईत वर्षाची सरासरी धरली तर १ किलोवॉटमागे रोज साधारण ४ युनिट मिळतात. जुलै-ऑगस्टमध्ये ते निम्म्यावर येते, सलग ढगाळ आठवड्यात त्याहून खाली. आपल्या उदाहरणात ५५० वॉटची चार पॅनेल, म्हणजे २.२ किलोवॉट घेतली तर एरवी आठ-नऊ युनिट आणि पावसात चारेक. वीज गेलेल्या रात्रीनंतर बॅटरी भरायला ती चार युनिटही पुरतात. दिवसाचा उरलेला भार ग्रिड घेईल.

असे एक पॅनेल साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद आणि सुमारे २८ किलोचे असते. चार पॅनेलना मधल्या वाटेसकट १८० ते २०० चौरस फूट मोकळी गच्ची लागते. तोंड दक्षिणेला, उतार १५ ते २० अंश.

सावलीकडे मात्र नीट लक्ष द्या, कारण चार पॅनेल एका माळेत असतात आणि एकावर सावली पडली की साऱ्या माळेचे उत्पादन घसरू शकते. २१ डिसेंबरच्या आसपास मुंबईत दुपारचा सूर्य क्षितिजापासून साधारण ४७ अंशांवरच असतो. म्हणजे पॅनेलपेक्षा ६ फूट उंच टाकीची सावली भर दुपारीही साडेपाच फूट उत्तरेला पडते, सकाळी नऊला तर फारच लांब. शेजारी टॉवर उभा राहत असेल तर त्याचे नियोजित मजले आधी विचारून घ्या.

समुद्राच्या खाऱ्या हवेत स्ट्रक्चर आधी जाते, पॅनेल नंतर. स्ट्रक्चर हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड हवे, नुसता रंग मारलेले नको. जागेवर वेल्डिंग केले की तिथला जस्ताचा थर जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो, म्हणून बोल्टने जोडणारी रचना घ्या. नट-बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. किनाऱ्याला लागून घर असेल तर पॅनेलला आयईसी ६१७०१ ही क्षारांच्या फवाऱ्याची चाचणी झाली आहे का ते पाहा. वाऱ्यासाठी भारतीय मानकात मुंबईचा मूलभूत वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे. मे २०२१ च्या तौक्ते वादळाने ही काळजी कागदावरची नाही हे दाखवून दिले. गच्चीला ड्रिल मारून वॉटरप्रूफिंग फोडण्यापेक्षा काँक्रीटचे ठोकळे वापरा, पण त्यांचे वजन या वाऱ्याच्या हिशेबाने काढलेले आणि इंजिनिअरच्या सहीचे असू द्या.

वायरिंगमध्ये काय चुकते

गच्चीपासून घरापर्यंत ४० मीटर अंतर असेल तर ४ चौरस मिलिमीटरच्या सोलर केबलमध्ये सुमारे ३ टक्के व्होल्टेज गळते, ६ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये २ टक्के. त्याहून लांब असेल तर ६ चीच घ्या.

पॅनेलमधून डीसी वीज येते. त्या बाजूला एसीचा, म्हणजे घरातल्या नेहमीच्या विजेचा एमसीबी लावणे ही धोक्याची चूक आहे. डीसीची ठिणगी आपोआप विझत नाही, त्यामुळे साधा एमसीबी आतून वितळतो. लोहार चाळीत, मुंबईच्या विजेच्या सामानाच्या बाजारात, माल घेताना 'डीसी एमसीबी' असे स्पष्ट सांगा आणि त्यावरचे व्होल्टेज वाचा. सोबत डीसी एसपीडी (अचानक वाढणाऱ्या व्होल्टेजपासून वाचवणारा) हवा. पॅनेलच्या केबल जोडणाऱ्या एमसी४ कनेक्टरचे नर-मादी एकाच कंपनीचे असू द्या. वेगळे जोडले की ढिलाईने तापतात. अर्थिंग तीन हवेत: डीसी, एसी आणि लायटनिंग अरेस्टरचे स्वतंत्र.

घरात बॅकअपच्या सर्किटचे न्यूट्रल वेगळे काढावे लागते. जुन्या घरांत सगळे न्यूट्रल एकाच पट्टीवर असतात. ते तसेच ठेवून बॅकअप जोडला की आरसीसीबी (शॉकपासून वाचवणारा स्विच) पुन्हा पुन्हा पडतो, आणि त्याला कंटाळून कुणीतरी आरसीसीबीच काढून टाकतो. असे कधीही होऊ देऊ नका.

परवानगी आणि अनुदान

सोसायटीची गच्ची सामाईक असते, वरच्या मजल्यावरच्या सभासदाचीही नसते. सर्वसाधारण सभेचा ठराव आणि ना हरकत पत्र घ्या. नंतर पीएम सूर्यघर पोर्टलवर अर्ज करा आणि बिलावर जे नाव असेल ती वीज कंपनी निवडा: बेस्ट, अदानी, टाटा पॉवर, की मुलुंड-भांडुपकडे महावितरण. अनुदान पहिल्या २ किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, जास्तीत जास्त ७८,०००. पॅनेल भारतीय सेलचे, म्हणजे डीसीआर असावे लागते. बॅटरीसाठी वेगळे अनुदान नाही, त्यामुळे कोटेशनमध्ये बॅटरीची किंमत स्वतंत्र ओळीत मागा.

ताबा घेताना

शेवटचा हप्ता देण्याआधी दोन चाचण्या स्वतः उभे राहून करून घ्या. दुपारी मेन स्विच बंद करा: पंखे थांबता कामा नयेत आणि पॅनेलवरून बॅटरी भरत असल्याचे स्क्रीनवर दिसायला हवे. मग रात्री, फ्रिज आणि मिक्सर चालू ठेवून, पुन्हा मेन बंद करा. राउटर रीस्टार्ट झाला तर बदल व्हायला लागणारा वेळ जास्त आहे. बहुतेक वेळा तो सेटिंगमध्ये कमी करता येतो.

नंतरची देखभाल थोडी आहे. बांधकामाची धूळ आणि कबुतरांची विष्ठा दर पंधरा दिवसांनी, सकाळी पॅनेल थंड असताना साध्या पाण्याने आणि मऊ कापडाने काढा. बोअरचे पाणी टाळा, त्याचे पांढरे डाग काचेवर बसतात. पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये बोल्ट, अर्थिंगचे जोड आणि कनेक्टर एकदा इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. आणि महिन्यातून एकदा मेन बंद करून घर तासभर बॅटरीवर चालवा. बॅटरीत काही कमी-जास्त झाले असेल तर ते त्याच दिवशी कळेल.