कास-बामणोलीकडचं घर पर्यटकांना भाड्याने देताय? फोटोआधीची तयारी

सगळ्यात आधी महिना ठरवा. साताऱ्याच्या पश्चिमेला कास, बामणोली, तापोळ्याच्या बाजूला एकच घर वर्षभरात तीन निरनिराळी घरं वाटतं. जुलैत धुक्यामुळे अंगणापलीकडचं काही दिसत नाही, सप्टेंबर-ऑक्टोबरात डोंगर हिरवेगार आणि हवा धुतल्यासारखी स्वच्छ, तर मे महिन्यात गवत पिवळं पडलेलं आणि शिवसागरचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी काठापासून लांब हटलेलं. मुख्य फोटो पाऊस ओसरता ओसरता काढावेत. मात्र कासची फुलं बघायला गर्दी होते ती साधारण याच दिवसांत, त्यामुळे शनिवार-रविवार सोडून मधला एखादा वार बुकिंगला आधीच बंद करून ठेवा. मेमधलेही दोन-चार फोटो घ्या आणि प्रत्येक फोटोखाली महिना लिहा. ऑक्टोबरातलं भरलेलं पाणी पाहून उन्हाळ्यात आलेल्या कुटुंबाला पडवीसमोर कोरडा उतार दिसला, तर त्यांचा राग रास्तच असतो.

दिवस ठरला की घराकडे वळा. पावसाळ्यानंतर भिंतीला ओल धरलेली असते, जांभ्याच्या चिऱ्यांवर शेवाळ चढलेलं असतं. ओलीपुढे कपाट सरकवून ती झाकू नका. भिंत वाळू द्या, खरवडून रंगाचा हात मारा आणि मगच फोटो काढा. पायपुसणी, झाडू, बादल्या, गॅसची रिकामी टाकी, चार्जरच्या वायरी, देवाच्या कॅलेंडरशेजारी लटकणाऱ्या पिशव्या, हे सगळं त्या खोलीतून बाहेर काढा. डोळ्याला सवय झालेली असल्यामुळे घरच्या माणसाला या वस्तू दिसतच नाहीत. म्हणून शेजारच्या काकूंना एकदा फिरून बघायला सांगा, त्या बरोबर बोट ठेवतील. चादरी इस्त्री केलेल्या, शक्यतो पांढऱ्या किंवा फिक्या रंगाच्या. कमोडचं झाकण बंद. काचा आणि आरसे पुसलेले. घोंगडी, पितळेची कळशी, पाटा-वरवंटा असं घरात खरंच वापरात असलेलं काही असेल तर राहू द्या. फोटोपुरती शहरातून आणलेली सजावट पाहुण्याला आल्यावर सापडत नाही, आणि ती नसल्याचं त्याच्या लगेच लक्षात येतं.

उजेडाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या. पडदे पूर्ण उघडा, दिवसा ट्यूबलाइट बंद ठेवा. पांढरी ट्यूब आणि पिवळा बल्ब एकत्र लागले की भिंतीचा रंग विचित्र उतरतो. पूर्वेच्या खोल्या सकाळी, पश्चिमेची पडवी दुपार कलल्यावर. खिडकीतून डोंगर दिसतो अशा खोलीत खरी अडचण होते. खोली नीट दिसली तर खिडकी पांढरीफटक होते आणि खिडकी सांभाळली तर खोली काळी पडते. यावर साधा उपाय म्हणजे सूर्य मावळल्यानंतरची काही मिनिटं. तेव्हा बाहेरचा आणि आतल्या दिव्यांचा उजेड जवळजवळ सारखा होतो आणि दोन्ही एकाच फोटोत येतात. तिपाई मात्र हवी, हात हलला तर फोटो गेला. एलईडीच्या उजेडात फोटोवर पट्टे उमटत असतील तर फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने बहुतेक वेळा पट्टे जातात.

फोन चांगला असला की पुरतो. भिंग मऊ कापडाने पुसा. इकडच्या दमट हवेत त्यावर वाफ धरते आणि छोट्या पडद्यावर ती कळत नाही. फोन आडवा धरा, छातीच्या उंचीवर, आणि ग्रिड चालू करून चौकटीची उभी रेघ सरळ येतेय ना ते बघा. कोपऱ्यात किंवा दारात उभं राहून काढलेल्या फोटोत खोलीचा अंदाज चांगला येतो. सर्वांत रुंद भिंग वापरलं तर दहा बाय दहाची खोली हॉलएवढी दिसते, तो मोह टाळा.

खोल्यांइतकंच महत्त्व बाकीच्या फोटोंना आहे. रस्त्यापासून दारापर्यंतचा उतार, पायऱ्या, गाडी लावायची जागा, न्हाणीघर, गिझर किंवा बंब, चुलीची जागा. आजी-आजोबांना घेऊन पुण्या-मुंबईहून निघणारं कुटुंब हेच आधी शोधतं. पायऱ्या जास्त असतील तर त्या सगळ्या एका फोटोत दिसू द्या.

आदल्या रात्री फोन आणि पॉवर बँक चार्ज करा, कारण पावसापाण्यात वीज जाते. फोनमध्ये जागा मोकळी ठेवा. पहिला फोटो घराच्या दर्शनी बाजूचा किंवा पडवीतून दिसणाऱ्या देखाव्याचा, पुढे पाहुणा ज्या क्रमाने घरात शिरेल त्या क्रमाने. आत खोऱ्यात रेंजचा भरवसा नसतो, त्यामुळे फोटो साताऱ्यात आल्यावर चढवा. कोणाकडून चढवून घेणार असाल तर व्हॉट्सॲपवर साधे फोटो म्हणून पाठवू नका, दर्जा उतरतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा आणि मूळ फोटो फोनमध्येच ठेवा.