जानेवारीतला व्यायाम होळीपर्यंत का टिकत नाही : या चुका टाळा

दरवर्षी जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर पहाटे नवे चेहरे दिसू लागतात आणि होळी येईपर्यंत ती वाट पुन्हा जुन्या मंडळींपुरती उरते. मध्येच गळालेल्यांना विचारले, तर बहुतेक जण स्वतःच्या आळसाला दोष देतात. इतकी वर्षे ही ये-जा पाहिल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की त्यांच्यात खरे आळशी फार थोडे असतात. बाकीच्यांची सुरुवातच अशी असते, की ती टिकणे शक्य नसते.

सर्वांत घातक चूक म्हणजे पहिल्याच आठवड्यात झेपणार नाही इतका व्यायाम करणे. साताऱ्यात त्याला आयते निमित्तही मिळते. २०१२ पासून भरणारी हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वरचा घाट चढून पुन्हा शहरात उतरते, अंतर २१ किलोमीटर, आणि ती पाहून आलेल्या तरुणाला दुसऱ्याच दिवशी घाटात पळायचे असते. आमच्या पेठेतील असाच एक मुलगा रोज पहाटे घाट गाठू लागला. आधी महिनाभर नुसते चाल, असे मी त्याला सांगितले, तेव्हा "चालायला मी काय म्हातारा झालोय का काका?" असे तो म्हणाला. तिसऱ्या आठवड्यात तो रस्त्याच्या कठड्यावर बूट काढून बसलेला दिसला. नडगीच्या आतल्या कडेला एका ठरावीक जागी अंगठा टेकवला, तरी तो कळवळत होता. डॉक्टरांनी हाडाला सूक्ष्म तडा गेल्याचे सांगून सहा आठवडे पळणे बंद केले. हाड जुळून आले, परंतु तो पुन्हा घाटात आला नाही, आणि याचे मला आजही वाईट वाटते, कारण त्याची जिद्द अस्सल होती.

यामागचे कारण समजून घेतले पाहिजे. दम काही आठवड्यांतच वाढतो, स्नायूही लवकर तयार होतात, मात्र हाडे आणि स्नायूबंध यांना त्याच भाराची सवय होण्यास कित्येक महिने लागतात. त्यात घाट उतरताना प्रत्येक पावलागणिक पायावर अधिक आघात होतो. म्हणूनच "आता दम लागत नाही" असे वाटू लागते, तेव्हाच दुखापतीचा धोका मोठा असतो. माझ्याबरोबर येणाऱ्या नवशिक्याला मी पहिला महिना टेकडीवरच्या ‘चार भिंती’ या स्मारकापर्यंत केवळ चालत नेतो, तेही पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येईल अशा वेगाने, आणि उद्या पुन्हा यावेसे वाटेल इतका उत्साह शिल्लक असतानाच परत फिरवतो. हे अनेकांना कंटाळवाणे वाटते. तीस दिवसांत शरीर बदलून देणाऱ्या योजनांवर त्यांचा अधिक विश्वास असतो, आणि त्या योजनांविषयी माझे मत मुळीच चांगले नाही. आपल्याच जिल्ह्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे १९५२ चे हेलसिंकीतील कांस्यपदक सर्वांना ठाऊक असते. त्याआधी १९४८ मध्ये लंडनला ते सहावे आले होते आणि मधली चार वर्षे त्यांनी तालमीत घाम गाळला होता, हे फारसे कोणी सांगत नाही.

दुसरी चूक खाड्याची. लग्न, आजारपण किंवा रात्रपाळीमुळे एक दिवस चुकतो, "आता मोडलेच आहे तर सोमवारपासून बघू" असे म्हटले जाते, आणि तो सोमवार येत नाही. लंडनमधील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडण्यास साधारण ६६ दिवस लागल्याचे आढळले, काहींना त्याहून पुष्कळ अधिक. आणि एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष अडथळा आला नाही. त्यामुळे एकवीस दिवसांत सवय लागते, हा सर्रास सांगितला जाणारा हिशेब मनातून काढून टाकावा. माझा नियम एवढाच आहे, की सलग दोन दिवस चुकू द्यायचे नाहीत. गडबडीच्या दिवशी घरातच दहा मिनिटे सूर्यनमस्कार घातले, तरी मी तो दिवस पूर्ण धरतो. चुकलेला व्यायाम दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण त्यातून पुन्हा पहिलीच चूक घडते.

पावसाळ्याचा विचार आधी न करणे हीदेखील आपल्याकडची नेहमीची चूक आहे. जूनमध्ये वाट निसरडी होते, घाटात धुके उतरते आणि महिन्याभरात सवय सुटते. जोर-बैठका मे महिन्यातच सुरू कराव्यात, म्हणजे पहिल्या सरीला पर्याय हाताशी असतो.

वजनकाट्यावर रोज उभे राहू नये; पाण्यामुळेही आकडा किलोभर वरखाली होतो. सोबती हवा, पण तो आला नाही म्हणून आपण घरी बसायचे नाही. महागडे बूट घेतल्याने पहाटे जाग येत नाही; रात्री वेळेवर झोपल्याने येते. आणि चाळिशीनंतर रक्तदाब किंवा मधुमेह असेल, तर चढाला लागण्यापूर्वी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.