गणपतीच्या देखाव्यात समुद्रदेव मांडताना

खाडी दाराशी आणि कोळीवाडा शेजारी असताना ठाण्या-नवी मुंबईतल्या सोसायटीने 'जगभरातले समुद्रदेव' हा देखावा जरूर करावा. फसगत होते ती एकाच ठिकाणी. निळं कापड अंथरलं जातं, चार दाढीवाले पुतळे उभे राहतात, चौघांच्याही हाती त्रिशूळ, आणि कोण कुठला ते कुणालाच कळत नाही. म्हणून आधी प्रत्येक देवाचं पाण्याशी नातं काय ते ठरवा, मग आकाराला हात घाला.

मखराच्या दोन्ही बाजूंना मिळून बारा फूट रुंदी मिळाली तर पाच प्रसंग मावतात. मूर्ती अडीच फुटांच्या ठेवा. समोर मधोमध दोन फूट जागा मोकळी सोडा, तिचं काम शेवटी आहे.

सुरुवात प्राचीन इराकमधल्या बाबिलोनपासून करा. 'एनुमा एलिश' या सात मृत्तिकाफलकांवरच्या सृष्टिकथेत तियामत हे खारं पाणी, अप्सू हे गोडं पाणी, आणि दोघांची सरमिसळ होऊन पहिले देव जन्मतात. ठाण्याच्या माणसाला हे समजावायला वेगळं चित्र लागत नाही, खाडी म्हणजे तेच. पुढे बाबिलोनचा मुख्य देव मर्दुक तियामतला मारतो आणि सुकवायच्या मासळीसारखी मधोमध चिरतो. एका अर्धुकाचं आकाश होतं. सुकत घातलेले बोंबील रोज पाहणाऱ्या वस्तीत हा प्रसंग पहिल्याच नजरेत कळतो, म्हणून देह उभा चिरलेलाच दाखवा. तियामत स्त्री आहे, तिला दाढी लावू नका.

समुद्रमंथनात हमखास तीन चुका होतात. पहिली रंगाची. मंथन क्षीरसागराचं, म्हणजे कापड पांढरं हवं. त्यावर निळा एलईडी सोडला की दुधाचं पुन्हा खारं पाणी होतं, तिथे पिवळसर दिवाच लावा. दुसरी, वासुकीचं तोंड देवांच्या हाती देणं. तोंडाकडे असुर, शेपटीकडे देव. तिसरी, मंदाराखालचं कासव विसरणं. कूर्म नसेल तर रवी बुडते, कथाच उभी राहत नाही.

वरुणाची जागा पश्चिमेला, कारण तो त्या दिशेचा दिक्पाल. मोबाइलच्या होकायंत्रावर दिशा बघून घ्या. हाती पाश, वाहन मकर. मात्र फलकावर नुसतं 'समुद्राचा देव' लिहू नका. ऋग्वेदातला वरुण मुख्यतः ऋताचा, म्हणजे विश्वाच्या नियमाचा, रक्षक आहे, अपराध्याला पाशाने बांधणारा. समुद्राचा स्वामी ही ओळख नंतर ठळक झाली. फलकासाठी 'उदुत्तमं वरुण पाशमस्मत्' एवढे शब्द पुरेत, त्यात पाश सैल करण्याची विनवणी आहे. रामासमोर हात जोडून उभा राहिलेला आणि नलाकडून सेतू बांधून घ्यायला सांगणारा तो समुद्र, वरुण नव्हे. दोघांना एका मूर्तीत कोंबू नका.

ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याच्या हाती त्रिशूळ बरोबर आहे, पण शंकराचा नको. डमरू, नाग, भस्म यांचा मागमूसही नसावा. मासे टोचायच्या भाल्यासारखी सरळ, धारदार तीन टोकं करा. पायाशी घोडे हवेत, कारण भूकंप आणि घोडे दोन्ही त्याच्या अखत्यारीतले. आयुध किती महत्त्वाचं असतं ते ग्रीसच्या आर्टेमिसियन भूशिराजवळ समुद्रात सापडलेल्या ब्राँझच्या पुतळ्यावरून कळतं. १९२६ ते १९२८ या काळात तो वर आला. हातातलं शस्त्र नाहीसं झालेलं, त्यामुळे तो ग्रीकांचा देवराज झ्यूस की पोसायडन हा वाद आजही आहे.

पाचवी रान, उत्तर युरोपातली समुद्रदेवी. बुडणाऱ्यांना ती जाळ्यात ओढते, आणि तिच्या नऊ मुली म्हणजे लाटा. जाळं खरंच लावा. चेंदणी किंवा दिवाळे कोळीवाड्यात विचारलं तर फाटकं, टाकाऊ जाळं मिळू शकतं. गोड्या पाण्यात दोनदा खळबळून धुवा आणि पूर्ण वाळवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी मांडवात वास धरतो.

थर्माकोल वापरू नका, सजावटीसाठी राज्यात त्याला बंदी आहे. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा करून त्यावर कागदाचा लगदा चढवा. एक किलो रद्दी चोवीस तास भिजत घाला, कुटा, पिळा. त्यात एक किलो व्हायटिंग पावडर (खडूची पूड), पाव किलो मैद्याची खळ आणि दोन चमचे तुरटीची पूड मळा. तुरटी वगळली तर भाद्रपदाच्या दमट हवेत बुरशी येते. थर पाव इंचाहून जाड नको; जाड थर वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि तिसऱ्या दिवशी सांगाड्यावरून सुटतो. दोन थरांत दोन दिवसांचं अंतर ठेवा आणि पंख्याखाली वाळवा. मधूनच पडणाऱ्या कडक उन्हात एकच बाजू आकसून तडा जातो. हे धरता रंगकामासह पंधरवडा लागतो.

फलकावर साठ शब्दांहून जास्त मजकूर नको, अक्षर एक इंच उंच. रांगेतला माणूस पाच-सहा फुटांवरून वाचतो.

आता ती मोकळी जागा. ती इथल्या दर्याची. नारळी पौर्णिमा सहसा गणेश चतुर्थीच्या अठरा-एकोणीस दिवस आधी येते. काम सुरू करण्यापूर्वी ती जवळच्या कोळीवाड्यात जाऊन बघा, फोटो मात्र विचारूनच काढा. सोनेरी कागदात मढवलेला नारळ मिरवत नेऊन थेट पाण्यात सोडतात. समोर पाणीच देव असतं, म्हणून इथे मूर्ती नको. पितळी परातीत चार बोटं पाणी आणि त्यात तो नारळ, बस्स. परातीच्या मागे काळा पडदा लावला की सोनेरी रंग उठून दिसतो. पाणी रोज सकाळी बदला आणि परात घासून घ्या. साठलेल्या पाण्यात डेंग्यूच्या डासांची अंडी धरतात, आणि पाण्याने ओला झालेला सोनेरी कागद तसाही दर दोन दिवसांनी नवा लागतो.