हिरवा खडा पाचू आहे की डायोप्टेज, हे घरच्या घरी कसं ओळखायचं

हिरवा लखलखीत खडा दिसला की आपल्याकडे तोंडातून पहिला शब्द निघतो तो ‘पाचू’. जालन्याच्या सराफ्यात आमच्या घरात तीन पिढ्यांपासून जडावाचं काम चालतं, त्यामुळे असे ‘पाचू’ माझ्या टेबलावर सतत येतात. कुणी आजीच्या पेटीतला निजामाच्या काळचा हैदराबादी दागिना आणतं, कुणी विहीर खोदताना निघालेला दगड रुमालात बांधून आणतं, कुणी लेण्यांच्या बाहेर घेतलेला गोटा. हल्ली त्यात मोबाइलवरून मागवलेल्या पुड्यांची भर पडलीय. ‘शेठ, बुधाचा हाय, करंगळीत बसंल अशी अंगठी करून द्या.’ पुडी सोडावी तर आत पाचूपेक्षाही गडद, जरा निळसर हिरवा, झगझगीत खडा. पावतीवर ‘कॉपर एमराल्ड’ नाहीतर ‘काँगो एमराल्ड’. हा पाचू नाही. हे डायोप्टेज.

खोटा खडा म्हणून त्याला हिणवू नका. खनिज म्हणून ते पाचूपेक्षा दुर्मिळ म्हणावं असं आहे. तांबं, सिलिका आणि पाणी यांचं ते बनलेलं असतं आणि रंग तांब्याचाच. फसलेले लोकही साधेसुधे नव्हते. अठराव्या शतकाच्या अखेरीस कझाकस्तानातल्या अल्तिन-तुबे इथे हे स्फटिक सापडले, तेव्हा पाचू समजूनच ते रशियात गेले. पुढे रने-ज्युस्त आवी या फ्रेंच स्फटिकशास्त्रज्ञाने १७९७ मध्ये ते वेगळं खनिज म्हणून मांडलं. खनिजांची कठिनता एक ते दहा अशा मापावर मोजतात; पाचूची साडेसात ते आठ, याची जेमतेम पाच. सगळा घोळ या एका आकड्यात आहे आणि ओळखायची एक खूणही त्यातच.

आधी दगड कुठून आला ते विचारा. हा प्रश्न फुकटचा आहे, पण निम्मा निकाल तिथेच लागतो. जमिनीत तांब्याच्या धातुकाचा, म्हणजे तांबं असलेल्या खडकाचा, साठा असेल आणि त्याचा वरचा थर हवा-पाण्याने कुजला, सिलिका विरघळलेलं पाणी त्यातून झिरपलं, तर कधीमधी डायोप्टेज तयार होतं. बहुतेक वेळा कोरड्या, वाळवंटी मुलखात. नामिबियातली त्सुमेब खाण त्यासाठी जगप्रसिद्ध आहे. ती १९९६ मध्ये बंद झाली, पण तिथले कॅल्साइट या पांढऱ्या खनिजावर बसलेले हिरवे स्फटिक आजही हातोहात फिरतात. काँगो, कझाकस्तान आणि अमेरिकेतलं ॲरिझोना इथलाही माल असतो. आपल्या मराठवाड्याचा बहुतेक भाग म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण. त्यात तांबं आहे ते लेशमात्र, साठा म्हणावा असं नाही. भारतातलं तांबं राजस्थानात खेत्रीला, मध्य प्रदेशात मलाजखंडला, झारखंडात सिंहभूमला. तेव्हा अंबड, भोकरदन, सिल्लोडकडच्या विहिरीतून निघालेला हिरवा दगड डायोप्टेज असण्याची आशा सोडून द्या.

मग तो असतो काय? दोन गोष्टी नेहमी निघतात. पाषाणातल्या पोकळ्यांना आतून निळसर-हिरवा, मातकट लेप असतो, नखाने खरवडला की भुगा पडतो. ते सेलॅडोनाइट. अजिंठ्याच्या चित्रांतला हिरवा रंग अशाच हिरव्या मातीचा आहे. दुसरं ॲपोफिलाइट. हे भल्याभल्यांना चकवतं, कारण ते पारदर्शक असतं, पुदिन्यासारखं फिकं हिरवं, चौकोनी आणि वर निमुळतं. त्यातला हिरवेपणा व्हॅनेडियम या धातूचा, तांब्याशी त्याचा संबंध नाही. एका शेतकऱ्याने सुरुंगाच्या ढिगातून असा गुच्छच आणला होता. ‘पाचू न्हाई म्हंता, मग फेकून देऊ का?’ अजिबात फेकू नका. जळगाव आणि पुण्याकडचं हिरवं ॲपोफिलाइट जगभरचे संग्राहक घेतात, फक्त टोकं शाबूत पाहिजेत. घणाने सुटं करायला गेलात की टोकंही गेली आणि पैसेही.

लेण्यांजवळच्या रंगवलेल्या गोट्यांवर फार वेळ घालवू नका. फोडलेल्या पोकळ गोट्यात गारेचे (क्वार्ट्झचे) बारीक स्फटिक असतात आणि कधी त्यांना रंग पाजलेला असतो. कापसाचा बोळा नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बुडवून भेगेवर फिरवा. बऱ्याचदा बोळाच हिरवा होतो. नाहीच झाला तर भिंग लावा. भेगांमध्ये रंग साचून गडद रेघा दिसत असतील तर विषय संपला.

आता खरी तपासणी. क्रम मोडू नका, कारण पुढच्या पायऱ्यांना दगडाला इजा होते.

दहापट भिंग घ्या, खडा पांढऱ्या कागदावर ठेवा आणि वरच्या पैलूतून आत, तळाच्या पैलूंच्या कडांकडे पाहा. खडा सावकाश फिरवत राहा. डायोप्टेजमध्ये तळाच्या कडा एका बाजूने दुहेरी दिसतात, एका रेघेशेजारी तिची जोडीदार. प्रकाशाचे दोन किरण वेगळे करण्याची त्याची ताकद ०.०५३ आहे, पाचूची जेमतेम ०.००६. म्हणून पाचूत एकच रेघ दिसते. काचेतही एकच, शिवाय तिच्यात गोल बुडबुडे सापडू शकतात. एका दिशेने पाहून दुहेरी दिसलं नाही म्हणून लगेच निकाल देऊ नका, तीन-चार बाजूंनी बघा. गडद खड्यात हे दिसायला उजेड भरपूर लागतो. मी दुपारी दुकानाच्या पायरीवर येऊन बघतो. अपवर्तनांक, म्हणजे खड्यात शिरताना प्रकाश किती वाकतो ते, मोजायचं यंत्र जवळ असेल तर प्रश्नच नाही. डायोप्टेज १.६५ ते १.७०, पाचू १.५७-१.५८.

यंत्र नसलं तरी वजन करता येतं आणि माझा सगळ्यात जास्त भरवसा त्यावरच आहे. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागतो, हल्ली तो सहज मिळतो. आधी खडा कोरडा तोला. समजा ४.६२ ग्रॅम भरला. मग काट्यावर अर्धा पेला पाणी ठेवा आणि आकडा शून्यावर आणा. खड्याला बारीक दोरा बांधा आणि पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला वा काठाला टेकणार नाही असा हाताने लोंबता धरा. आता काटा जो आकडा दाखवील त्याने कोरड्या वजनाला भागा. काट्याने १.४० दाखवलं तर ४.६२ भागिले १.४० म्हणजे ३.३. हे डायोप्टेजचं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे तेवढ्याच आकाराच्या पाण्यापेक्षा ते किती पट जड. तेवढ्याच वजनाच्या पाचूला काटा १.७० दाखवील, उत्तर २.७ येईल. ॲपोफिलाइट २.३५च्या आसपास, मॅलाकाइट हे तांब्याचं दुसरं हिरवं खनिज ४च्या जवळ. हात थरथरत असेल तर पेल्याच्या वर दोन पुस्तकांवर आडवी काडी ठेवून तिला दोरा बांधा, पण पुस्तकं काट्याबाहेर हवीत. खड्याला बुडबुडा चिकटला असेल तर बोटाने हलकेच झटका. एक ग्रॅमहून लहान खड्याला ही पद्धत लावू नका, चूक फार येते. आणि दगडाच्या पाठीशी पांढरा कॅल्साइट चिकटलेला असेल तर उत्तराला अर्थच उरत नाही.

एवढ्यावर बहुतेकांचं काम भागतं. कच्चा, न घडवलेला तुकडा असेल आणि तुटकी बाजू असेल तरच पुढे जा. फरशीची मागची, चकाकी नसलेली बाजू घ्या आणि तुकड्याचा नको असलेला कोपरा त्यावर ओढा. डायोप्टेजची भुकटी फिकट हिरवट-निळसर उमटते. पाचू उलट फरशीलाच ओरखडा काढतो. पोलादी सुई डायोप्टेजवर ओरखडा पाडते आणि डायोप्टेज काचेवर पाडत नाही. ज्या खड्याला पैलू पाडलेत त्यावर हे प्रयोग करणाऱ्याला माझ्या टेबलाजवळ जागा नाही.

मॅलाकाइटशी गल्लत व्हायची एकच जागा, बारीक कण चिकटलेला कच्चा नमुना. तेही हिरवं, तेही तांब्याचं. मॅलाकाइट बहुधा अपारदर्शक असतं, घासलेल्या मॅलाकाइटमध्ये गडद-फिक्या पट्ट्या दिसतात, आणि पातळ तेजाबाचा थेंब पडला की ते फसफसतं. डायोप्टेज फसफसत नाही, तेजाबात त्याच्यातल्या सिलिकाची खळ होते. ही परीक्षा घरी करू नका. तेजाबाचे व्यवहार आमच्यासारख्यांवर सोडा, आम्हीही ते खिडकीजवळच करतो.

ओळख पटली की पुढचा प्रश्न अंगठीचा. माझं उत्तर नाही असंच आहे. ज्योतिषाने बुधासाठी पाचू सांगितला असेल तर तो वाद मी घालत नाही, पण खडा काय आहे ते स्पष्ट सांगतो आणि करंगळीचा विचार सोडायला लावतो. डायोप्टेज तीन दिशांनी सरळ चिरतं; या गुणाला पाटन म्हणतात आणि इथे ते अगदी स्वच्छ आहे. कोंदणाची कड दाबताना हाताचा जोर जरा जास्त झाला तरी आतून तिरपी चीर जाते. अंगठी घातलीच तर हात ओट्याला, दाराच्या कडीला, मोटारसायकलच्या हँडलला लागणारच. शिवाय धूळ. आपल्या उन्हाळ्यातल्या धुळीत गारेचे कण असतात, त्यांची कठिनता सात, आणि रोजच्या रुमालाच्या पुसण्याने पैलू महिन्या-दोन महिन्यांत मंद होतात. हौस असेल तर लॉकेट किंवा कानातलं करा, कडा चारी बाजूंनी झाकलेल्या. सोनाराला आधी बजावा की झाळकाम पूर्ण झाल्यावर खडा शेवटी बसवायचा. आच लागली की त्यातलं पाणी जातं आणि तो काळा पडतो. उजाळणीच्या तेजाबात दागिना बुडवायचा नाही आणि अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये तर मुळीच नाही, त्या थरथरीने चिरा उघडतात. घरी साफ करताना चिंच, लिंबू, अमोनिया यांना लांब ठेवा. साधं पाणी, मऊ कुंचला, आणि सावलीत वाळवणं पुरे.

नमुना म्हणून घेणार असाल तर मोठ्या स्वच्छ पैलूदार खड्याच्या मागे लागू नका. एक-दोन कॅरटच्या पुढचा निर्मळ नग क्वचितच मिळतो, आणि स्वस्तात मोठा मिळत असेल तर ती हिरवी काच असण्याची शक्यता जास्त. खडकावर बसलेले लहान लहान स्फटिक घ्या. भिंगाखाली स्फटिकांच्या बुडाशी पाहा. डिंकाची चकाकणारी किनार दिसली तर दुसरीकडचे सुटे स्फटिक आणून चिकटवलेत. पावतीवर ‘डायोप्टेज’ हा शब्द लिहून मागा, ‘कॉपर एमराल्ड’ चालवून घेऊ नका. खाणीचं नाव आणि देशही लिहून घ्या. पार्सल आलं की कापूस स्फटिकांवरून ओढून काढू नका, धागे टोकांत अडकतात आणि टोक तुटतं. कापसावर पाणी शिंपडा, तो बसला की चिमट्याने बाजूबाजूने सोडवा.