अमेरिकेत विमान भाड्याने घेताय? आधी विम्याचं बघा

नागपुरातून अवर बिल्डिंगसाठी, म्हणजे पायलट लायसन्सला लागणारे उड्डाणाचे तास भरायला, अमेरिकेला निघालेली पोरं मला फोन करतात. तासाचा दर, विमान, हवामान, सगळं विचारतात. विम्याचं कोणीच विचारत नाही. डीजीसीएच्या (भारताच्या विमान वाहतूक नियामकाच्या) सीपीएलला, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्सला, २०० पैकी १०० तास पीआयसी, म्हणजे विमानाचा प्रमुख पायलट म्हणून, लागतात, आणि त्या तासांत भाड्याच्या विमानाची जबाबदारी तुमच्यावर असते.

विमान भाड्याने देणाऱ्या फ्लाइंग स्कूलच्या काउंटरवर सांगतील, "आमचा फुल इन्शुरन्स आहे." खरं आहे, पण तो मालकाचा. विमा कंपनी मालकाला भरपाई देते आणि मग त्याच्या जागी उभी राहून तीच रक्कम तुमच्याकडे मागू शकते. याला सब्रोगेशन म्हणतात. माझ्या वेळी टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, डावा ब्रेक लागलाच नाही, विमान वळलं आणि प्रॉपेलर खांबाला लागला. असा प्रॉप स्ट्राइक, म्हणजे प्रॉपेलर कशावर तरी आपटणं, झाला की पात्याला नुसता ओरखडा दिसला तरी इंजिन खोलून तपासावं लागतं. खर्च स्कूलच्या विम्याने दिला, मला वाटलं विषय संपला. काही महिन्यांनी वसुलीचं पत्र आलं. दोष ब्रेकचा की पायलटचा, हे ठरायच्या आधीच ते येतं. उत्तर द्यायला तिकडचा वकील लागतो, त्याची फी डॉलरमध्ये, आणि घर आधीच शिक्षणाच्या कर्जासाठी गहाण.

म्हणून स्वतःच्या नावाने रेंटर्स पॉलिसी, म्हणजे विमान भाड्याने घेणाऱ्याचा विमा, घ्या. त्यात लायबिलिटी असते, म्हणजे इतरांना इजा किंवा त्यांच्या मालमत्तेचं नुकसान. भाड्याच्या विमानाचं नुकसान हा वेगळा भाग आहे, तो मागून घ्यावा लागतो. स्वस्त कोटेशन स्वस्त असतं ते बहुतेक वेळा हा भाग गाळल्यामुळे. मला तर पाच हजार डॉलरचं डॅमेज कव्हर म्हणजे पैसे वाया घालवणं वाटतं, एका प्रॉप स्ट्राइकलाही ते पुरत नाही. लायबिलिटीचा आकडा दहा लाख डॉलर दिसला तरी खाली प्रत्येक प्रवाशामागे एक लाखाची मर्यादा असू शकते. ती ओळ वाचा. वकिलाचा खर्च कंपनी देते का, हेही विचारा.

नागपुरातल्या बर्डीच्या एजंटकडून घेतलेल्या प्रवास विम्यावर विसंबू नका. त्यातल्या पर्सनल लायबिलिटीतून विमान चालवणं सहसा वगळलेलं असतं. रेंटर्स पॉलिसीही तुमच्या स्वतःच्या दुखापतीसाठी नसते, त्यामुळे आरोग्य आणि अपघात विमा वेगळा घ्या आणि त्यात फ्लाइंग चालतं का ते बघा.

सीनियरचं ऐका, पण विम्याबाबत नको. "आम्हाला काही झालं नाही" एवढाच त्यांचा अनुभव असतो. इन्स्ट्रक्टरलाही स्कूलची पॉलिसी बहुधा माहीत नसते.

घाबरू मात्र नका. वर्षाचा हप्ता साधारण काही तासांच्या भाड्यात बसतो, आणि माझंही प्रकरण शेवटी मिटलं. ब्लॉक अवर्सचे, म्हणजे एकगठ्ठा घेतलेल्या तासांचे, पैसे भरण्याआधी स्कूलला ईमेलवर तीन गोष्टी विचारा: भाडेकरू पायलटसाठी वेव्हर ऑफ सब्रोगेशन (विमा कंपनीने वसुलीचा हक्क सोडल्याचं कलम) आहे का, डिडक्टिबल (नुकसानीतला विमा न देणारा पहिला हिस्सा) कोण भरणार, आणि विमान दुरुस्तीत उभं असतानाचं बुडालेलं भाडं कोणाच्या माथी. उत्तर फोनवर देतो म्हणाले, तर दुसरी स्कूल बघा.